ओळ ४ए, ओळ ४बी आणि मधलं दान

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी न्यू जर्सीतले एक काका जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले होते. वय ७६. चष्मा कपाळावर चढवलेला, चहा निवत चाललेला, आणि हातात एकच कागद : १०९९-आर. निवृत्ती खात्यातून वर्षभरात किती रक्कम निघाली, हे खातं सांभाळणारी कंपनी या कागदावर कळवते. एक प्रत खातेदाराला, एक सरकारला. पहिल्या चौकटीत २०,००० डॉलर. चौकट २ए मध्ये, म्हणजे करपात्र रकमेच्या रकान्यात, पुन्हा २०,०००.

काका म्हणाले, "अरे, यातले बारा हजार मी डोळ्यांनी बघितलेसुद्धा नाहीत. चेक थेट संस्थेच्या नावानं निघाला. मग हे माझं उत्पन्न कसं झालं?"

काकांचं म्हणणं बरोबर होतं, आणि कागदही खोटा नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजलं की या प्रकरणाचा निम्मा भाग समजला. उरलेला निम्मा आहे रिटर्नवर योग्य ओळीत योग्य आकडा लिहिण्याचा. तिथेच बहुतेकांचं नुकसान होतं. दान झालेलं असतं, पावती आलेली असते, आणि तरीही न मिळवलेल्या पैशावर कर भरला जातो.

आधी हे पैसे आले कुठून ते पाहू. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अमेरिकेच्या नव्या स्थलांतर कायद्यावर सही झाली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मराठी डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ तिकडे पोचले. १९७४ मध्ये निवृत्तिवेतनाविषयीचा मोठा कायदा झाला, त्यातून आयआरए हे वैयक्तिक निवृत्ती खातं आलं. १९७८ च्या करकायद्यातून ४०१(के) उभं राहिलं. या पिढीनं नोकरीभर पगारातून थोडंथोडं बाजूला टाकलं, आणि निवृत्त झाल्यावर ४०१(के)मधली पुंजी आयआरएमध्ये वळवली. हे पैसे खात्यात गेले तेव्हा त्यांवर कर लागला नव्हता. तो माफ झालेला नाही, पुढे ढकललेला आहे.

सरकार किती काळ थांबणार, यालाही मर्यादा आहे. ठरावीक वयानंतर दरवर्षी खात्यातून किमान रक्कम काढावीच लागते. तिला सगळे आरएमडी म्हणतात. पूर्वी हे वय साडेसत्तर होतं, २०१९ च्या कायद्यानं ७२ केलं, २०२३ पासून ७३ आहे आणि २०३३ पासून ७५ होईल. रक्कम काढायची रीत सोपी आहे. आदल्या वर्षीच्या ३१ डिसेंबरची शिल्लक घ्यायची आणि वयानुसार दिलेल्या आकड्यानं भागायची. ७३ व्या वर्षी भागायचा आकडा २६.५ असतो, ७६ व्या वर्षी २३.७. काकांच्या खात्यात ४,७४,००० डॉलर होते. भागिले २३.७, म्हणजे बरोबर २०,०००. ही रक्कम काढली नाही तर न काढलेल्या भागावर २५ टक्के दंड बसतो. चूक वेळेत सुधारली तर तो १० टक्क्यांवर येतो.

आता ज्यांचं घराचं कर्ज फिटलंय, मुलं आपापल्या पायांवर उभी आहेत आणि ज्यांचा खर्च सोशल सिक्युरिटी व थोड्याफार व्याजावर निघतो, त्यांना या वीस हजारांची गरज नसते. त्यातून दान द्यायची इच्छा मात्र असते. असा माणूस पैसे आधी आपल्या बँकेत घेतो आणि मग संस्थेला स्वतःचा चेक लिहितो. यात वावगं काही नाही, पण करात त्याचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही.

कारण असं. खात्यातून काढलेले पैसे आधी पूर्णपणे उत्पन्नात मिळवले जातात. दानाची वजावट मिळवायची तर वजावटींची तपशीलवार यादी जोडावी लागते, आणि त्या यादीची बेरीज सरसकट मिळणाऱ्या प्रमाणित वजावटीपेक्षा जास्त भरली तरच तिचा फायदा. २०२५ साली दोघंही पासष्टीपुढचे असतील तर नवरा-बायकोची प्रमाणित वजावट ३४,७०० डॉलर होती. काका-काकूंचा घराचा कर बारा हजारांच्या आसपास, दान बारा हजार. बेरीज चोवीस हजार. म्हणजे यादी केली काय आणि न केली काय, दानाची वजावट शून्य. २०२६ पासून यादी न करणाऱ्यांनाही दानाची थोडी वजावट मिळू लागली आहे, एकट्याला १,००० आणि जोडप्याला २,००० डॉलरपर्यंत. बारा हजार देणाऱ्याला तेवढ्यानं फारसं पुरत नाही.

यावरचा उपाय २००६ च्या पेन्शन कायद्यात आला. साडेसत्तर वर्षं पूर्ण झालेल्या माणसानं आयआरएमधली रक्कम आपल्या हातात न घेता थेट पात्र धर्मादाय संस्थेला पाठवली, तर ती त्याच्या उत्पन्नात धरलीच जात नाही. वजावट मिळवायचा प्रश्नच उरत नाही, कारण मुळात मिळवणीच झालेली नसते. वर ती आरएमडीतही मोजली जाते. याचं कागदोपत्री नाव क्वालिफाइड चॅरिटेबल डिस्ट्रिब्यूशन, आणि बोलण्यात सगळे क्यूसीडीच म्हणतात.

ही तरतूद सुरुवातीला तात्पुरती होती आणि दात्यांनी त्यापायी बरंच सोसलं. ती संपायची, मग काँग्रेस मागाहून जिवंत करायची, पुन्हा संपायची. २०१४ मध्ये तर ती १९ डिसेंबरला पुन्हा लागू झाली आणि ३१ डिसेंबरला संपली. वर्षभर वाट पाहिलेल्यांना मोजून बारा-तेरा दिवस मिळाले, त्यातही नाताळची सुट्टी. अखेर १८ डिसेंबर २०१५ च्या कायद्यानं ती कायमची झाली. आजही अनेक ज्येष्ठांना तिची माहिती नसते, त्यामागे मला ही दहा वर्षांची धरसोडही दिसते. भरवसा नसलेली गोष्ट माणसं लक्षात ठेवत नाहीत.

उत्पन्नाचा आकडाच कमी राहण्याचं महत्त्व कराच्या दरापुरतं नाही. म्हातारपणी अमेरिकेत त्या एका आकड्यावर बरंच काही टांगलेलं असतं. सोशल सिक्युरिटीतला किती भाग करपात्र हे त्यावर ठरतं. तो भाग ८५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. २०२५ ते २०२८ या चार वर्षांसाठी पासष्टीपुढच्यांना प्रत्येकी ६,००० डॉलरची जादा वजावट आहे, पण जोडप्याचं उत्पन्न दीड लाखाच्या वर गेलं की ती झिजू लागते. आणि मेडिकेअरचा हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावरून ठरतो. २०२५ मध्ये पार्ट बीचा नेहमीचा हप्ता महिना १८५ डॉलर होता. ज्या जोडप्याचं २०२३ चं उत्पन्न २,१२,००० च्या थोडं वर गेलं होतं, त्यांना तो माणशी २५९ डॉलर पडला. वर्षाला दोघांचे मिळून १,७७६ डॉलर जादा. इथे उतार नसतो, पायरी असते. एक डॉलर वर गेला तरी पूर्ण पायरी चढलात. अशा उंबरठ्यावर बसलेल्या जोडप्यासाठी क्यूसीडी फार मोलाची ठरते.

आता पुन्हा त्या टेबलाकडे जाऊ.

१०९९-आरवर बारा हजारांच्या दानाचा वेगळा उल्लेख का नाही? कारण खातं सांभाळणाऱ्या कंपनीला फक्त खात्यातून रक्कम निघाली एवढंच ठाऊक असतं. ज्या संस्थेला चेक गेला ती पात्र आहे का, बदल्यात तुम्हाला काही मिळालं का, वर्षभरात दुसऱ्या कंपनीतल्या खात्यातूनही तुम्ही असं दान दिलंत का, हे तिला कसं कळणार? म्हणून ती पूर्ण रक्कम लिहिते, चौकट २बी मध्ये 'करपात्र रक्कम निश्चित केलेली नाही' अशी खूण करते आणि चौकट ७ मध्ये नेहमीच्या रकमेचा कोड ७ टाकते. २०२५ सालच्या फॉर्मपासून या चौकटीत क्यूसीडीसाठी 'वाय' हे अक्षर घालण्याची सोय झाली, पण पहिल्या वर्षी ती ऐच्छिक ठेवली गेली. तुमच्या कागदावर 'वाय' असो वा नसो, रिटर्नवर नोंद तुम्हीच करायची असते.

ती नोंद १०४० फॉर्मच्या पहिल्या पानावर होते. ओळ ४ए मध्ये आयआरएतून निघालेली एकूण रक्कम लिहायची : २०,०००. ओळ ४बी मध्ये करपात्र भाग. काकांचं दान १२,०००, स्वतःसाठी काढलेले ८,०००, म्हणून ४बी मध्ये ८,०००. सगळीच रक्कम दानात गेली असती तर तिथे शून्य आलं असतं. २०२४ पर्यंतच्या फॉर्मवर ४बीच्या शेजारी क्यूसीडी ही तीन इंग्रजी अक्षरं लिहायची पद्धत होती. २०२५ च्या फॉर्मवर त्यासाठी ४सी ही नवी ओळ आणि तीत चौकोन आला आहे. त्यात खूण करायची. दोन आकडे आणि एक खूण, एवढंच काम. ते राहिलं तर सरकारच्या संगणकाला २०,००० दिसतात आणि कर २०,००० वर बसतो. काका २२ टक्क्यांच्या टप्प्यात होते. बारा हजारांवर २२ टक्के, म्हणजे २,६४० डॉलर. एवढ्या रकमेत त्यांचं पुढच्या वर्षीचं आणखी एक दान झालं असतं.

सॉफ्टवेअर वापरून रिटर्न भरणाऱ्यांनी एका ठिकाणी थांबायला हवं. १०९९-आरचे आकडे भरल्यावर ते विचारतं, यातली काही रक्कम धर्मादाय संस्थेला गेली का? हा प्रश्न दहा प्रश्नांच्या रांगेत येतो आणि माणूस सवयीनं 'नाही' दाबून पुढे जातो. कर सल्लागाराकडे जाणाऱ्यांची गत वेगळी नाही. नुसती १०९९-आर दिली तर सल्लागाराला त्यात दान दिसणार नाही. संस्थेची पावती सोबत द्या आणि तोंडानं सांगा, "यातले बारा हजार क्यूसीडी आहेत." आणि हेच बारा हजार वजावटींच्या यादीत पुन्हा घालायचे नाहीत. एका दानाचा लाभ एकदाच.

पावती हवीच. वटलेला चेक किंवा बँकेचा उतारा पुरत नाही. संस्थेकडून रिटर्न भरण्याआधी लेखी पोच यायला हवी, आणि तीत रक्कम, तारीख आणि 'बदल्यात कोणतीही वस्तू वा सेवा दिलेली नाही' हे वाक्य असायला हवं. हे वाक्य वाटतं तितकं किरकोळ नाही. आपल्या मंडळांत आणि संस्थांत देणगीदाराला दिवाळीच्या कार्यक्रमाची तिकिटं, जेवणाचं टेबल, पहिल्या रांगेतल्या खुर्च्या देण्याची पद्धत आहे. प्रेमानंच देतात. पण क्यूसीडीच्या बदल्यात असं काही घेतलं तर तेवढीच किंमत वजा होऊन भागत नाही, पूर्ण दानाची सवलत जाऊ शकते. दहा हजारांच्या दानामागे शंभर डॉलरचं जेवण घ्यायचं कशाला? तिकीट आपल्या पैशानं वेगळं काढा. मंदिरात प्रसाद मिळाला म्हणून मात्र घाबरू नये. केवळ धार्मिक स्वरूपाचा, बाजारात ज्याला किंमत नाही असा लाभ इथे आड येत नाही.

वयाची अट तारखेनुसार पाळली जाते. ज्यांचा जन्म १५ मार्च १९५५ चा, त्यांना १५ सप्टेंबर २०२५ ला साडेसत्तर पूर्ण झाली. त्याआधी, अगदी त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दिलेलं दानही यात बसत नाही. गंमत म्हणजे आरएमडीचं वय ७३ झालं तरी क्यूसीडीचं साडेसत्तरच राहिलं. मधली दोन-अडीच वर्षं सक्ती नसतानाही दान देता येतं आणि खातं हलकं करता येतं.

वर्षाची कमाल मर्यादा आधी एक लाख डॉलर होती. २०२२ च्या कायद्यानं ती महागाईशी जोडली : २०२४ ला १,०५,०००, २०२५ ला १,०८,०००, २०२६ ला १,११,०००. ही माणशी आहे. नवरा-बायको दोघांची स्वतंत्र आयआरए असेल तर दोघांना स्वतंत्र मर्यादा, पण ज्याचं दान त्याच्याच खात्यातून. चालू ४०१(के) किंवा ४०३(बी) मधून हे करता येत नाही. आधी रक्कम आयआरएमध्ये वळवावी लागते. देणगीदाराच्या सल्ल्यानं पैसे वाटणारे डोनर-ॲडव्हाइज्ड फंड आणि सर्वसाधारण खासगी कौटुंबिक प्रतिष्ठानंही यात बसत नाहीत. आयआरएमध्ये कर भरून टाकलेले पैसेही असतील तर ८६०६ फॉर्मचा हिशेब येतो, आणि साडेसत्तरीनंतर वजावट घेऊन आयआरएमध्ये भर घातली असेल तर क्यूसीडी तेवढी कापली जाते. ही दोन प्रकरणं जाणकाराच्या हाती द्यावीत.

पैशाच्या वाटेबद्दल मात्र कधीही ढिलाई नको. रक्कम एकदा तुमच्या बँकेत आली की ती क्यूसीडी करता येत नाही, मागाहून कितीही दान दिलं तरी. चेक संस्थेच्या नावानं असला की पुरे. तो कंपनीनं परस्पर पाठवला किंवा तुमच्या घरी पाठवून तुम्ही नेऊन दिला, दोन्ही चालतं. काही कंपन्या आयआरएचं चेकबुकच देतात. ते सोयीचं आहे, पण असा चेक ३१ डिसेंबरच्या आत वटला पाहिजे. २८ तारखेला लिहिलेला चेक संस्थेच्या स्वयंसेवकाच्या टपालात पडून राहिला तर ते दान पुढच्या वर्षात जातं आणि या वर्षीची आरएमडी अपुरी राहते. क्यूसीडी दिवाळीच्या आसपास उरकून टाकावी, असं मी सगळ्यांना सांगतो. वर्षाच्या सुरुवातीला दिली तर आणखी चांगलं, कारण वर्षात आधी निघालेली रक्कम आधी आरएमडीत मोजली जाते. जानेवारीत पूर्ण आरएमडी स्वतःकडे घेतलेल्याला डिसेंबरमध्ये तो उत्पन्नाचा बोजा उतरवता येत नाही.

आणि आता तो प्रश्न, जो मराठी घरांत हमखास निघतो. "मला माझ्या गावच्या शाळेला द्यायचेत. थेट पाठवू का?"

नाही. क्यूसीडी अमेरिकेच्या करकायद्याखाली पात्र असलेल्या संस्थेलाच देता येते. साताऱ्यातली शाळा किंवा कोकणातला दवाखाना कितीही चांगला असला तरी त्याच्या नावचा चेक आयआरएतून काढला तर ते साधं उत्पन्न धरलं जातं. वाट आहे ती अमेरिकेत नोंदलेल्या आणि भारतात काम पोचवणाऱ्या संस्थांची. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या मराठी माणसांनी स्थापन केलेलं महाराष्ट्र फाउंडेशन हे यातलं जुनं नाव. अशा इतरही संस्था आहेत. कोणतीही निवडली तरी ती पात्र आहे का, हे करखात्याच्या संकेतस्थळावरच्या संस्थांच्या शोधयादीत आधी स्वतः पाहावं. संस्थेचं नाव आणि ओळख क्रमांक घातला की उत्तर मिनिटभरात मिळतं.

पण अशा संस्थेला पैसे देताना 'हे अमुक शाळेलाच पोचवा' अशी बांधून घालणारी अट घालू नये. कायद्याच्या नजरेत मग ती संस्था केवळ पोस्टमन ठरते आणि दान परदेशी संस्थेलाच दिल्यासारखं होतं. इच्छा सांगावी, निर्णय संस्थेच्या विश्वस्तांचा असावा. भारताच्या बाजूलाही नियम आहेत. परदेशी देणगीविषयीच्या २०१० च्या कायद्यानुसार घेणाऱ्या संस्थेला नोंदणी किंवा परवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर हे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. गावच्या शाळेच्या संचालकांना यावरून दोष देऊ नका. त्यांचे हात बांधलेले असतात.

पुण्यात परतून राहणारे अमेरिकन नागरिकही या तरतुदीत येतात, कारण अमेरिकेचं रिटर्न त्यांना चुकत नाही. भारतातल्या रिटर्नचा हिशेब मात्र निराळा आहे. तिथे या सवलतीवर विसंबू नये, तिथल्या सल्लागाराला आधी विचारावं.

काकांचं त्या वर्षीचं रिटर्न अजून भरायचं होतं, त्यामुळे ते निभावलं. चहा पुन्हा गरम करून आणता आणता काकूंनी विचारलं, "आणि मागच्या वर्षी?" कपाटातून जुनी फाइल निघाली. आदल्या वर्षी ९,००० दिले होते. ४ए मध्ये पूर्ण रक्कम, ४बी मध्येही पूर्ण रक्कम. नोंद राहून गेली होती. पावती त्याच फाइलीत होती, हे नशीब. आम्ही १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरला.

मूळ रिटर्न भरल्यापासून सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या आत ही दुरुस्ती करून परतावा मागता येतो. तुमच्या घरात कोणी साडेसत्तरी ओलांडलेलं असेल आणि त्यांनी आयआरएतून थेट दान दिलेलं असेल, तर आज त्यांच्या मागच्या तीन रिटर्नचं पहिलं पान काढा आणि ४ए व ४बी या दोन ओळी शेजारी ठेवून पाहा. आकडे सारखे असतील तर पावती शोधा, आणि मुदत संपायच्या आत दुरुस्ती पाठवा.